बबनभाऊंची जलन

आमच्या शेजारचे बबनभाऊ उमाटे तोंडावर जळतात.

जळतात सगळेच. मीही जळतो. पण आपण समोर 'वा वा' म्हणतो, घरी येतो, दार लावतो आणि मग बायकोजवळ जळतो. बबनभाऊंचं तसं नाही. ते तुमच्या हातचा पेढा खातात, रुमालाला बोटं पुसतात, छातीवर हात ठेवतात आणि सरळ तुमच्याकडे पाहून सांगतात, "भाऊ, मस्त झालं. मले जलन झाली."

मग पाणी पितात आणि घरी जातात.

वर्ध्याजवळ पिपरी मेघेत आम्ही घर बांधलं तेव्हा मला हा अनुभव पहिल्यांदा आला. वास्तूच्या जेवणाला ते आले होते. मी त्यांना हौसेनं सगळं घर दाखवलं. हॉलचं छत, ग्रॅनाइटचा ओटा, जिन्याची स्टीलची रेलिंग. ते कशापुढेच थांबेनात. मागच्या अंगणात आल्यावर मात्र थबकले. मागच्या प्लॉटमधल्या कडुनिंबाची सावली आमच्या पायरीवर आली होती. ती त्यांनी बराच वेळ पाहिली. म्हणाले, "झाड दुसऱ्याचं अन् सावली तुमची. जलन झाली, भाऊ."

माझी बायको मंदा तेव्हा त्यांना ओळखत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं दाराला लिंबू-मिरची बांधली. संध्याकाळी बबनभाऊ फाटकाशी आले, लिंबू-मिरची पाहिली आणि खऱ्या काळजीनं विचारलं, "वहिनी, कोण जळते तुमच्यावर?"

हळूहळू आमच्या लेआउटमधल्या साऱ्या घरांना त्यांची सवय झाली. सवय कसली, गरजच झाली म्हणा. कोणाकडे नवी गाडी आली, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, की लोक आधी बबनभाऊंना बोलावतात. ते जळले की ती गोष्ट खरी झाल्यासारखी वाटते. आमच्या गल्लीतल्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या मुलाला परदेशात नोकरी लागली, तेव्हा बबनभाऊ नुसते "चांगलं झालं" म्हणून उठले. पोस्टमास्तरांच्या मनाला ते लागलं. त्यांनी बबनभाऊंना पुन्हा चहाला बोलावलं. मुलाचे फोटो दाखवले, तिकडच्या इमारती दाखवल्या, बर्फ दाखवला. बबनभाऊ निवांत चहा पीत होते. शेवटी कप खाली ठेवत म्हणाले, "हा चहा वहिनीच्या हातचा का?" पोस्टमास्तर हो म्हणाले. "रोज भेटते असा?" पोस्टमास्तर पुन्हा हो म्हणाले. "मग झाली जलन," बबनभाऊ म्हणाले. पोस्टमास्तरांचं समाधान झालं की नाही कोण जाणे, पण माझं बरंच झालं. त्यांच्या मुलाच्या नोकरीवर मी आठवडाभर आतल्या आत जळत होतो.

मी आणि बबनभाऊ दोघंही मोटारपंप विकतो. कंपनीही एकच. त्यांचं दुकान सिंदी मेघेच्या बाजूला, माझं सावंगीच्या रस्त्याला. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक भिंत आहे आणि ती माझ्या पोटातून जाते असं मंदा म्हणते. बबनभाऊंकडे संध्याकाळी टेम्पोत माल चढताना दिसला की मला रात्री जेवण जात नाही. "काय म्हणता, धंदा जोरात दिसते," असं मी हसत विचारतो आणि आत येऊन ॲसिडिटीची गोळी घेतो. बबनभाऊंनी आयुष्यात ती गोळी घेतलेली नाही.

मागच्या वर्षी कंपनीनं स्कीम काढली. टार्गेट पूर्ण करणाऱ्याला बालीची सहल, जोडीनं. मी जिवाचं रान केलं आणि टार्गेट गाठलं. यादी आली तेव्हा कळलं की बबनभाऊंनी माझ्या कितीतरी आधी गाठलं होतं, आणि वर इतकं विकलं होतं की त्यांना समुद्राकडची खोली मिळणार होती. मला बागेकडची. कंपनीचा माणूस मला समजावत म्हणाला की बागेकडच्या खोल्या शांत असतात. बागा पाहायला मला बाली कशाला पाहिजे होती? पण मी बबनभाऊंच्या घरी जाऊन त्यांचं अभिनंदन केलं. ते म्हणाले, "जळले का?" मी म्हणालो, छे छे. ते जरा हिरमुसले.

त्यांच्या घरात तेव्हा ते एकटेच असत. सुलोचनावहिनी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या होत्या, त्याला काही वर्षं झाली होती. आधी बाळ लहान होतं म्हणून राहिल्या. मग मुलीची रजा संपली. मग पाळणाघर बरं मिळेना. मग बाळाची शाळा सुरू झाली. बबनभाऊ दर दिवाळीला सांगत, "आता येतेच." वहिनी दिवाळीला येत, फराळ करत आणि भाऊबीज झाली की परत जात. बबनभाऊ स्वतः स्वयंपाक करत. काय करत ते माहीत नाही, पण भिंतीवरून करपल्याचा वास यायचा.

बालीला मात्र वहिनी येणार होत्या. पुण्याहून थेट मुंबईच्या विमानतळावर भेटणार होत्या. बबनभाऊंनी त्यांच्यासाठी मोठ्या काठाची गवती हॅट घेऊन ठेवली होती आणि ती दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनाही दाखवून झाली होती. आम्ही नागपूरहून मुंबईला पोचलो. बबनभाऊ येणाऱ्या प्रत्येक टॅक्सीकडे पाहत दाराशी उभे. मग त्यांचा फोन वाजला. बाजूला जाऊन बोलले, परत आले आणि म्हणाले, "नातवाले ताप आला. त्याले टाकून कशी येईन ती?" मंदा हळहळली. मीही हळहळलो. पण खरं सांगायचं तर समुद्राकडची अख्खी खोली आता एकट्या माणसाला मिळणार, हाच विचार माझ्या डोक्यात घुमत होता.

विमानात त्यांच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. त्यांनी तिथे गोरसपाक बिस्किटांचा डबा ठेवला, त्यावर हॅट ठेवली आणि पट्टा लावून टाकला. हवाईसुंदरीनं डबा वर ठेवायला सांगितला तर तिला आधी एक गोरसपाक खायला लावला.

बाली सुंदर आहे. ते मी इथे सांगत बसत नाही, कारण तुम्ही गेला असाल तर तुम्हाला माहीत आहे आणि गेला नसाल तर उगाच तुम्हाला जलन होईल. बबनभाऊंना मात्र ती पावलोपावली होत होती. आमचा गाइड वायन नावाचा हसरा तरुण होता, थोडं हिंदी बोलायचा. त्यानं सांगितलं की इथे घरातल्या पहिल्या मुलाचं नाव बहुतेक वायनच असतं. दुसऱ्याचं, तिसऱ्याचं आणि चौथ्याचंही ठरलेलं असतं. बबनभाऊ बसमध्ये उठून उभे राहिले. त्यांच्या नातवाचं नाव ठेवताना दोन्ही घरांत वर्षभर अबोला होता. "इथे भांडाले जागाच ठेवली नाई," ते म्हणाले. ही जलन होती की कौतुक, ते मला कळलं नाही.

समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा सगळे डीलर लहान मुलांसारखे पाण्यात धावले. बबनभाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर उभे राहिले. वायनला म्हणाले, "हे उपसाले किती एचपीची मोटर लागन?" वायननं ते विचारायला कंपनीच्या माणसाला फोन लावला. कंपनीच्या माणसानं फोन कट केला.

तिथल्या एका जुन्या देवळात झऱ्याचं पाणी दगडी तोट्यांमधून पडतं आणि लोक रांगेनं त्याखाली डोकं धरतात. किती शतकं ते पाणी पडतंय ते वायननं सांगितलं. आम्ही फोटो काढले. बबनभाऊ मागच्या बाजूला जाऊन पाणी कुठून येतं ते पाहून आले. नंतर आम्ही डोंगरावर भातशेतीच्या पायऱ्या पाहिल्या. वरच्याच्या शेतातून पाणी खालच्याच्या शेतात, तिथून त्याच्याही खालच्याच्या. कोणी किती पाणी घ्यायचं ते शेतकरी देवळात बसून आपसात ठरवतात. मोटर नाही, पाईप नाही, लोडशेडिंग नाही. आम्ही सगळे पंपवाले तिथे एका ओळीत उभे होतो. शेवटी बबनभाऊच म्हणाले, "भाऊ, इथे आपलं दुकान नाई चालणार." आणि छातीवर हात ठेवला.

नाइटलाइफचा दिवस कंपनीनं ठरवून दिला होता. समुद्रावरच्या एका क्लबमध्ये संध्याकाळी सगळ्यांना नेलं. रंगीत दिवे, छातीत धडधडणारं संगीत, आणि ज्यांच्याकडे पाहायचं की नाही हे बायकोच्या चेहऱ्यावरून ठरवावं लागतं अशा गोऱ्या तरुणी. मी घरी वर्षभर मनातल्या मनात या संध्याकाळची तयारी केली होती. नवा फुलाफुलांचा शर्ट घातला होता. प्रत्यक्षात मी खुर्चीला चिकटलो. नाचायला उठावं तर आपलं पोट आधी उठतं असं वाटायचं. आणि बबनभाऊ, जे लिंबूपाणी पीत कोपऱ्यात बसले होते, एकदम उठले, डोळे मिटले आणि दोन्ही हात वर करून नाचायला लागले. त्या गाण्याशी त्या नाचाचा संबंध नव्हता. पोळ्याच्या दिवशी बैलांपुढे डफड्यावर नाचतात तसं ते नाचत होते. तीन-चार गोऱ्या मुली त्यांच्याभोवती गोल करून टाळ्या वाजवायला लागल्या. एकीनं आपल्या गळ्यातली फुलांची माळ त्यांच्या गळ्यात घातली. सारा क्लब त्यांच्याकडे पाहत होता. मंदा हसत हसत मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. मी टाळ्या वाजवत होतो आणि जळत होतो. समुद्र यांचा, खोली यांची, आता मुलीही यांच्याच.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्रावर आमचं भांडण झालं. आमचं म्हणजे माझं आणि मंदाचं. तिनं सहलीसाठी घेतलेल्या सँडल माझ्याजवळ सोडल्या आणि ती शिंपले वेचायला गेली. पाण्यावर एक माणूस फळीवर उभा राहून लाटेवरून येत होता. माझ्याच वयाचा. पोट नाही, भीती नाही. मी त्याच्यावर जळण्यात इतका गुंतलो की लाट कधी आली आणि एक सँडल कधी घेऊन गेली ते कळलंच नाही.

मंदा आली. उरलेली सँडल तिनं हातात घेतली आणि बोलायला सुरुवात केली. सँडलवरून ती मागे हरवलेल्या थर्मासवर गेली. थर्मासवरून माझ्या मावशीनं लग्नात काय म्हटलं होतं त्यावर. तिथून बागेकडच्या खोलीवर आली. मीही गप्प बसलो नाही. आपण परदेशात आहोत, आजूबाजूला लोक आहेत, हे आम्ही विसरलो. बाकीचे डीलर शहाणे निघाले. आपापल्या बायका घेऊन दूर सरकले.

एकटे बबनभाऊ आपली खुर्ची ओढत ओढत जवळ आले. आमच्यापासून हातभर अंतरावर ठेवली आणि बसले.

मी आधीच चिडलो होतो. म्हणालो, "बबनभाऊ, जरा तिकडे बसता का?"

"काऊन? मी काई बोलून राह्यलो का?"

मंदा थांबली. तिलाही आता लाज वाटली. "भाऊजी, आमचं काय ऐकता तुम्ही?" ती म्हणाली.

"वहिनी, तुम्ही थांबू नका," ते म्हणाले. "लय दिवसांनी ऐकून राह्यलो."

आम्हाला वाटलं ते चेष्टा करताहेत. पण त्यांचा चेहरा तसा नव्हता. पायानं वाळू सारखी करत ते बोलायला लागले, आमच्याकडे न पाहता. नातवाला ताप वगैरे काही नव्हता. वहिनींची बॅग भरून तयार होती. ऐन वेळी जावयाला कामानं बाहेरगावी जावं लागलं आणि मुलीला रजा मिळाली नाही. वहिनींनी फोनवर विचारलं, काय करू? बबनभाऊ म्हणाले, राहू दे. वहिनी म्हणाल्या, बरं, फोटो काढा.

"रोज फोन करते ती," बबनभाऊ म्हणाले. "जेवले का, म्हणते. मी म्हणतो, जेवलो. तू जेवली का? ती म्हणते, जेवली. झालं. फोनवर भांडता येत नाई, वहिनी. तिकडे नातू झोपला राह्यते. हळू बोलून कोणी भांडते का?"

मंदा वाळूत बसली. मीही बसलो.

"मी साऱ्या गावाची जलन बोलून दाखवतो," ते म्हणाले. "बोललं का मन साफ होते. पण हे कोणाले सांगू? आपल्याच नातवावर जळतो म्हणू? चार वर्षाचं पोट्टं ते. आजीचं बोट धरून झोपते."

इतकी वर्षं भिंतीपलीकडून करपल्याचा वास येत होता आणि मी मोजत होतो तो टेम्पोत चढणारा माल. मंदानं मोबाइल काढला, कालचा नाचाचा व्हिडिओ शोधला आणि सुलोचनावहिनींना पाठवून दिला. खाली काही लिहिलं नाही. बबनभाऊंना कळलं तेव्हा ते घाबरून उभेच राहिले. "वहिनी, हे काऊन केलं? ती काय म्हणन?"

"ते तुम्ही ऐका," मंदा म्हणाली.

थोड्याच वेळात त्यांचा फोन वाजला. वहिनींचा आवाज आधी इतका हळू होता की आम्हाला काही ऐकू येईना. मग चढत गेला आणि आमच्यापर्यंत यायला लागला. ही पोट्टी कोण? माळ कोणी घातली? ह्या वयात गुडघे कोणाच्या भरवशावर नाचवता? बीपीची गोळी घेतली का? अन् हा शर्ट, हा पुसायला काढलेला शर्ट घालून तुम्ही विमानात बसले?

"हळू बोल ना," बबनभाऊ म्हणाले. "बाळ उठन."

"उठू दे," वहिनी म्हणाल्या.

बबनभाऊंनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि किनाऱ्यानं चालायला लागले. पाणी पायांवर येत होतं, पँट भिजत होती, त्यांना पत्ता नव्हता. मध्येच थांबत, हातवारे करत, आपलं म्हणणं मांडायला बघत आणि पुन्हा ऐकत. वायन बसची वेळ झाली म्हणून सांगायला आला. मंदानं त्याला गोरसपाकाचा डबा दिला आणि बसवून ठेवलं. बबनभाऊ दूरवर, लहान दिसेपर्यंत चालत गेले. मंदा त्यांच्याकडे पाहत होती आणि मी मंदाकडे. मी चार दिवस गावाला गेलो तर हिला कसं वाटत असेल, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारलं नाही. उरलेली सँडल मात्र मी उचलून घेतली.

त्यानंतर सुलोचनावहिनी सगळं सोडून वर्ध्याला परत आल्या, असं काही झालं नाही. असं होत नसतं. पण उन्हाळ्याच्या सुटीत, जेव्हा शहाणी माणसं वर्ध्याहून पळ काढतात, तेव्हा त्या नातवाला घेऊन महिनाभरासाठी आल्या. त्या आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होतो. भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज आला आणि मग वहिनींचा. कुकरची शिटी कुठे गेली, पोळ्यांचा डबा असा कसा चेपला, ही कढई कोणी जाळली, घासणीनं निघते का आता हे?

बबनभाऊ बाहेर पायरीवर बसले होते. शेजारी नातू त्यांच्या चपला घालून बसला होता. मी भिंतीवरून हळूच म्हणालो, आत जाऊन वहिनींना जरा शांत करा, उन्हाळ्याचे दिवस आहेत.

बबनभाऊंनी आत कान देऊन ऐकलं.

"होऊ दे," ते म्हणाले. "दुधाचं पातेलं अजून तिनं पाह्यलंच नाई."